पाणंदीला कोणती पिकअप मानवते?

ऑक्टोबर उजाडला की भोकर तालुक्यात एकच घाई उडते. सोयाबीन कापून झालेलं असतं, गंज्या लागलेल्या असतात, त्यांवर ताडपत्र्या ताणलेल्या असतात आणि परतीचा पाऊस दुपारनंतर आभाळात घुटमळत असतो. मळणीयंत्र मिळालं, कट्टे शिवून झाले, तरी जीव भांड्यात पडत नाही. आखाड्यापासून डांबरी सडकेपर्यंतची पाणंद अजून बाकी असते. नांदेडहून भोकरमार्गे भैंसा-निर्मलकडे जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर सुसाट पळणारी गाडी दोन शेतं आत वळली की पन्नास पावलांत एक्सलपर्यंत रुतते.

शहरातले हौशी लोक सुट्टीच्या दिवशी पैसे खर्चून चिखलात गाडी घालतात. भोकर, हिमायतनगर, उमरीच्या शिवारात हाच खेळ दर पावसाळ्यात सक्तीने खेळावा लागतो. त्यामुळे पिकअप घ्यायला निघालेल्या इथल्या माणसाला मध्यम घ्यावी की मोठी, हे ठरवताना जाहिरातीतल्या डोंगरमाथ्याचा काही उपयोग नसतो. त्याला पाणंदीचाच सल्ला घ्यावा लागतो.

आधी ‘मोठी’ म्हणजे केवढी ते पाहायला हवं. अमेरिकेत पूर्ण आकाराची पिकअप म्हटलं की फोर्ड एफ-१५० डोळ्यांपुढे येते. चार दारांच्या नेहमीच्या रूपात ती जवळपास ५.९ मीटर लांब आणि आरसे न धरता दोन मीटरहून किंचित रुंद. फोर्डची ही एफ मालिका १९७७ पासून तिथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. तिथे मध्यम समजल्या जाणाऱ्या वर्गात टोयोटाची टॅकोमा बसते, आणि जगभर हायलक्स, इसुझू डी-मॅक्स या गाड्या त्याच मापाच्या. गंमत अशी की भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये हाच मध्यम वर्ग सगळ्यात मोठा ठरतो. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये साडेबारा लाखांच्या आसपास किमतीत आली. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातच ३३.९९ लाखांपासून होती. लांबी ५.३ मीटर, रुंदी १.८५ मीटर. अमेरिकेत ज्या मापाची गाडी पार्किंगमध्ये सहज मावते, ती भोकरच्या बाजारपेठेत वळवायला दोन माणसं खाली उतरवावी लागतात.

अमेरिकेतल्या या अवाढव्यपणामागे कोंबडीचाही हात आहे. साठच्या दशकात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकी कोंबडीवर जबर आयातशुल्क लावलं. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के शुल्क बसवलं. १९६४ मध्ये ते लागू झालं. बाकीच्या वस्तूंवरचं पुढे सुटलं, ट्रकवरचं राहिलं. परदेशी छोट्या पिकअपना दार जड झालं आणि देशी कंपन्यांना घरचं अंगण मोकळं मिळालं. तिथे रस्ते रुंद होते, पेट्रोल स्वस्त होतं. गाडी वाढतच गेली.

आपल्याकडची शिडी वेगळ्या पायऱ्यांची आहे. तळाशी टाटा एस, म्हणजे गावोगावचा ‘छोटा हत्ती’. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तो घडवला आणि २००५ मध्ये बाजारात आणला: दोन सिलिंडरचं सुमारे ७०० सीसीचं इंजिन, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टन माल. तीनचाकी टेम्पोला पर्याय म्हणून तो जन्मला. त्याच्या वरच्या पायरीवर टाटा इन्ट्रा आणि अशोक लेलँड दोस्त, एक ते दीड टनांच्या. आणि त्यांच्याही वर महिंद्राची बोलेरो पिकअप. मॉडेलप्रमाणे सव्वा ते दोन टन पासिंग, हौदा दहा फुटांपर्यंत. भोकर-मुदखेडच्या मोंढ्यात सीझनला उभ्या राहणाऱ्या रांगा बहुतेक याच गाड्यांच्या असतात. इथला माणूस ‘मोठी पिकअप’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेकदा बोलेरो असते. हायलक्स असते ती पुढाऱ्याची किंवा ठेकेदाराची.

मुख्य अडचण मात्र गाडीत नाही, तिच्या खाली आहे.

दख्खनच्या बेसाल्टपासून झिजून तयार झालेल्या इथल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिचे कण पातळ पापुद्र्यांचे. पाऊस पडला की पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी उडालं की ती आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला हा गुण वरदान आहे, कारण ओल महिनोन्‌महिने टिकते. चाकाला तोच शाप. ओली काळी माती आधी घसरते, मग चिकटते. टायरच्या खाचा भरतात, नक्षी बुजते, चाक गुळगुळीत लोळ्यासारखं फिरायला लागतं. आणखी थोडं पुढे गेलं की मडगार्डच्या आत मातीचा थर इतका जमतो की चाक फिरायचंच थांबतं. इथे इंजिनची ताकद वाढवून उपयोग होत नाही. फिरणारं चाक जास्त जोराने फिरतं आणि आणखी खोल जातं, एवढंच.

‘रिकामी गाडी आत जाते, भरली की फसते’ हे शिवारातलं नेहमीचं रडगाणं आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. कारच्या टायरमध्ये हवा तीस-पस्तीस पीएसआय. माल वाहणाऱ्या पिकअपच्या मागच्या चाकांत पन्नास-साठ पीएसआय भरावी लागते, नाहीतर ओझ्याखाली टायर चेपतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात मात्र ती पंधराच्या आसपासच असते. म्हणजे दिसायला राक्षस असलेला ट्रॅक्टर जमिनीवर अलगद पाय ठेवतो आणि दिसायला सडपातळ पिकअप टाच रोवते. हौशी चालक चिखलात शिरण्याआधी हवा अठरा-वीसवर आणतात, टायर पसरतो, गाडी तरंगल्यासारखी निघते. पण दीड टन सोयाबीन लादलेल्या गाडीची हवा एवढी उतरवली तर टायरची बाजू फाटायची. भरल्या गाडीला हा उपाय नाहीच.

म्हणून काळ्या मातीत पहिला निकष वजनाचा. पाऊण टन मालासह जुना छोटा हत्ती दीड टनांच्या थोडाच वर जायचा. हायलक्सचं रिकामं वजनच दोन टनांहून जास्त. भरलेली बोलेरो तीन टनांच्या पुढे. फसल्यावरचा फरक तर आणखी बोलका आहे. छोटा हत्ती पाच-सहा जणांनी खांदा लावला आणि चाकाखाली तुराट्या-पळाट्या टाकल्या की निघतो. हायलक्सला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि सोयाबीनच्या ऐन हंगामात रिकामा ट्रॅक्टर मिळवणं हे स्वतंत्र काम आहे.

हलकी गाडीच बरी असं यावरून कुणी ठरवील, तर पाणंदीतले चर आडवे येतात. सगळा पावसाळा ट्रॅक्टर एकाच रेषेत ये-जा करतात. त्यांच्या चाकांनी दोन खोल चर पडतात आणि मध्ये मातीचा वरंबा उभा राहतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला वरंब्याचं काही नाही. पिकअपची चाकं चरात उतरली की मागच्या एक्सलवरचा डिफरन्शिअलचा गोळा वरंब्यावर टेकतो आणि चाकं अधांतरी होतात. छोट्या हत्तीचं तर आणखी अवघड: त्याच्या दोन चाकांमधलं अंतर ट्रॅक्टरपेक्षा कमी, म्हणून एक चाक चरात आणि दुसरं वरंब्यावर अशी तिरकी चाल. त्याचं पोट जमिनीपासून जेमतेम १६० मिलिमीटर वर आहे. मध्यम आकाराच्या पिकअप इथे खऱ्या कामाच्या ठरतात. दोनशेच्या वर उंची, मोठी चाकं, आणि जवळजवळ ट्रॅक्टरच्या चरात बसणारी रुंदी.

लांबीचा प्रश्न मात्र उरतोच. दोन एक्सलमधलं अंतर छोट्या हत्तीत २.१ मीटर, हायलक्स-व्ही-क्रॉसमध्ये ३.१ मीटरच्या आसपास, एफ-१५० मध्ये साडेतीनच्या पुढे. हे अंतर वाढलं की गाडीचं पोट उंचवट्यावर लवकर टेकतं. धुरा ओलांडताना किंवा नाल्याच्या काठावरून उतरताना लांब गाडीची उंची अशी वाया जाते. बुटका छोटा हत्ती जो उंचवटा पार करतो तिथे त्याच्याहून उंच पिकअप कधीकधी पोटावर बसते. आणि वळायचं असेल तर छोट्या हत्तीला ४.३ मीटर त्रिज्या पुरते, व्ही-क्रॉसला ६.३ मीटर लागते. दोन्ही बाजूंना उभी तूर असलेल्या पाणंदीत हा दोन मीटरचा फरक म्हणजे शेजाऱ्याच्या पिकात चाक घालायचं की पाव किलोमीटर मागे-मागे जायचं, एवढा मोठा असतो. शेजाऱ्याच्या पिकात चाक घातल्यावर काय होतं ते मराठवाड्यात सांगायला नको.

पाणंदीच्या रुंदीवरून गावोगावी डोकी फुटलेली आहेत. गाव नकाशावर पायमार्ग सव्वाआठ फुटांचा आणि गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात. कागदावर एकवीस फूट असलेल्या वाटेवर तर एफ-१५० सुद्धा आरामात जाईल. प्रत्यक्षात दर नांगरटीला दोन्ही बाजूंचे धुरे एकेक तास आत सरकतात आणि पाणंद बैलगाडीपुरती उरते. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे, शेतात जायला वाटच नसेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हींचा अर्ज तहसीलदाराकडे करायचा. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीला जोडून आणली. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद द्यावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असं ठरवलं. तीन मीटरच्या वाटेत १.८५ मीटरची हायलक्स जाते, पण समोरून बैलगाडी आली तर दोघांपैकी एकाने माघार घ्यायची.

मग फोर-व्हील-ड्राइव्ह? खरं तर आकारापेक्षा आधी याचाच विचार व्हायला हवा. छोटा हत्ती, इन्ट्रा, दोस्त आणि बहुतेक बोलेरो पिकअप यांची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. त्यातही साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की दोन चाकांपैकी ज्याला कमी अडथळा त्याच्याकडे फिरणं जातं. डावं चाक चिखलात, उजवं कोरड्या मुरमावर असेल तर डावंच गरगर फिरतं आणि उजवं स्वस्थ बसून पाहतं. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका, म्हणून पकड आणखी कमी. जुने चालक यासाठी मातीची दोन-चार पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर टाकतात. फाळक्याला लागून टाकली तर गाडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी पुढून ओढते आणि मागून ढकलते. तिच्यातला ‘फोर-लो’ गिअर गाडीला पायी चालण्याच्या वेगाने, क्लच न जाळता पुढे नेतो. हायलक्समध्ये मागचं डिफरन्शिअल लॉक करायची सोय आहे, म्हणजे स्वस्थ बसलेल्या चाकालाही कामाला लावता येतं. हे सगळं व्ही-क्रॉस-हायलक्सलाच मिळतं असं नाही. महिंद्राची दुहेरी केबिनची बोलेरो कॅम्पर फोर-व्हील-ड्राइव्हमध्येही मिळते, टनभर माल घेते, आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी सापडतात. नांदेडला जाऊन भागाची वाट पाहत बसणाऱ्याला या शेवटच्या गुणाची किंमत कळते.

चारही चाकं मिळाली म्हणजे चिखल जिंकला असं मात्र नाही. काळ्या मातीत चारही टायर लिंपले गेले की चारही एकत्र घसरतात. दोन चाकांची गाडी पन्नास पावलांवर फसते, चारची तीनशे पावलांवर. आणि तीनशे पावलं आत फसलेली गाडी काढणं जास्त कठीण.

मालाचं गणित यापेक्षा सोपं आहे, पण शोरूममध्ये लोक नेमकं तेच विसरतात. हायलक्स-व्ही-क्रॉसच्या हौद्याची लांबी जेमतेम दीड मीटर, कारण पुढची जागा चार दारांच्या केबिनने खाल्लेली. पासिंगही पावणेदोन टनांच्या बोलेरोच्या निम्म्याहून कमी. बोलेरोचा हौदा तिच्या दुप्पट लांब. कापूस हलका पण पसरट, त्याला जागा लागते. सोयाबीन आणि हळद जड, त्यांना पाटे लागतात. दोन्हीसाठी तीस लाखांची गाडी दहा-बारा लाखांच्या गाडीपुढे हरते. तिचे पैसे केबिनमध्ये, इंजिनात आणि चार चाकांत गेलेले असतात. घरची माणसं आणि थोडा माल घेऊन वाईट रस्त्याने लांब जायचं असेल तर ते पैसे वसूल होतात.

असे रस्ते फार लांब नाहीत. भोकरहून हिमायतनगर, इस्लापूर करत किनवट-माहूरकडे निघालं की काळी माती मागे पडते, मुरूम, दगड आणि सागाचं रान सुरू होतं. खडकाळ चढाला चिकणमातीचे नियम लागत नाहीत. तिथे उंची, फोर-लो आणि मोठी चाकं बाजी मारतात, आणि वजन उलट पकड देतं. तिथे मध्यम आकाराची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप मनापासून चालते. फक्त राखीव वनात रस्ता सोडून गाडी घालणं हा वन कायद्याने गुन्हा आहे, आणि पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर हौस विसरलेलीच बरी. शिकायचं असेल तर इगतपुरीला महिंद्राचं ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय फेरी २०१४ मध्ये गोव्यात भरली, ऐन पावसाळ्यात. त्या स्पर्धेच्या चिखलात पुढे असतात त्या फेरफार केलेल्या जुन्या जिप्सी आणि जीप. आखूड, हलक्या, समोर दोरखंडाची विंच. लांब पिकअप तिथे क्वचित दिसते. डकार रॅली हायलक्सने २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये जिंकली हे खरं. पण ती गाडी रॅलीसाठी मुळापासून वेगळी बांधलेली, शोरूमच्या गाडीशी तिचं नातं नावापुरतं.

पाण्याबाबत मोठ्या गाडीचा भरवसा सगळ्यात घातक. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. ते साचलेल्या पाण्याबद्दल. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा: अमेरिकेच्या हवामान सेवेचा इशारा असा की फूटभर वेगवान पाणी बहुतेक कार वाहून नेतं आणि दोन फूट पाणी एसयूव्ही-पिकअपही नेतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, सैन्य बोलवावं लागलं. अशा दिवशी नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडीचं मापच काढू नये.

परवान्याची काळजी मात्र आता मिटली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, यावर शिक्कामोर्तब केलं. छोटा हत्ती असो की बोलेरो, दोन्ही त्यात बसतात. हौद्यात माणसं बसवण्याची मुभा मात्र त्याने मिळत नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनी भरलेला हौदा उलटला तर विमा कंपनी हात वर करते, आणि अशा बातम्या दर हंगामात वाचायला मिळतात.

मग घ्यावी काय? डिसेंबर ते मे काळी पाणंद दगडासारखी टणक असते आणि कुठलीही गाडी तिच्यावर धावते. प्रश्न उरतो तो जून ते ऑक्टोबरचा. त्या महिन्यांत भरलेली पिकअप, मध्यम असो की मोठी, शेतात न्यायचीच नाही; माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने सडकेपर्यंत आणायचा आणि तिथून बोलेरो किंवा छोट्या हत्तीत भरायचा, हा भोकरच्या अनुभवी शेतकऱ्याचा रिवाज शंभर टक्के बरोबर आहे. हायलक्स आणि साधी बोलेरो यांच्या किमतीतल्या फरकात एक चांगला पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर येतो आणि वर पाणंदीवर मुरूम टाकायला पैसे उरतात. ज्याचं शेत किनवटच्या चढावर आहे, ज्याला घरच्यांना घेऊन आडरानात फिरायचं आहे आणि हप्ता झेपतो, त्याने मध्यम आकाराची फोर-व्हील-ड्राइव्ह जरूर घ्यावी. काळ्या शिवारात पिकअप आत न्यावीच लागत असेल तर फोर-व्हील-ड्राइव्ह कॅम्परपेक्षा मोठं काही घेऊ नये.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी दोन कामं करावीत. आपल्या पाणंदीची सगळ्यात अरुंद जागा फीत लावून मोजावी. मग गाव नकाशाची नक्कल काढून तिथे मुळात किती फूट वाट होती तेही पाहावं. कमी भरली तर शोरूमच्या आधी तहसील गाठावं.